ढाळज आणि माजघर



चातुर्मास लागला की आपल्या बीडमध्ये व्हॉट्सॲपचे नवे ग्रुप निघतात. प्रवचनाची वेळ, आयंबिलाची नावं, पाठशाळेची यादी. सोय मोठी आहे. कडा, आष्टी, अंबाजोगाईच्या मैत्रिणींनाही घरबसल्या सगळं कळतं.

पण अशाच एका ग्रुपमधून ओळखीतल्या एका नव्या सूनबाईचा नंबर कुणीतरी उचलला. रात्री-अपरात्री अनोळखी मेसेज यायला लागले. घरात पहिला प्रश्न आला, "तू नंबर दिलास कुणाला?" तिने कुणालाच दिला नव्हता. कुणीतरी तिला ग्रुपमध्ये घातलं, एवढंच. फोन मात्र तिचा काढून घेतला, आणि पाठशाळेत मुलांना शिकवणंही बंद झालं. म्हणून हे लिहायला बसले.

आपल्या जुन्या वाड्यांत दारातून आत आलं की आधी ढाळज लागायची. आलेला माणूस तिथेच बसायचा. माजघरापर्यंत कुणाला न्यायचं, हे घरची बाई ठरवायची. फोनचंही तसंच ठेवायचं.

ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि एका ग्रुपमध्ये १०२४ जणांपर्यंत माणसं मावतात. त्यातल्या किती जणींना आपण ओळखतो? चॅनेलचं वेगळं आहे. व्हॉट्सॲपवर ते भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आले. चॅनेल फॉलो करणाऱ्यांना एकमेकींचे नंबर दिसत नाहीत. म्हणून नुसती सूचनाच द्यायची असेल, तर चॅनेल बरं. फक्त तिथे घरगुती काही लिहू नये. ते चारचौघांत बोलल्यासारखंच असतं.

आता फोन हातात घ्या. सेटिंग्जमध्ये 'गोपनीयता' उघडा. प्रोफाइल फोटो कोणाला दिसावा, तिथे 'माझे संपर्क' निवडा. त्याखालीच 'ग्रुप्स' आहे, तिथेही तेच. मग अनोळखी माणूस तुम्हाला परस्पर ग्रुपमध्ये घालू शकत नाही. अनोळखी कॉल गप्प करण्याची सोयही याच भागात सापडेल. 'खाते' मध्ये जाऊन दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि सहा आकडी पिन स्वतःच्या मनात ठेवा. फोनवर आलेला सहा आकडी कोड भाऊ, जावई, बँकवाला, कुणीही मागितला तरी द्यायचा नाही. टेलिग्रामवर असाल तर 'फोन नंबर कोण पाहू शकेल' तिथे 'कोणीही नाही' करा.

यात्रेला निघालो तर "घराला कुलूप आहे" हे परत आल्यावर कळवलं तरी चालतं.

कुणी त्रास दिलाच, तर मेसेज पुसू नका. आधी स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते, आणि पैशांची फसवणूक असेल तर लगेच १९३० ला फोन लावा.

काही जणी म्हणतील, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? अहो, लपवणं वेगळं आणि जपणं वेगळं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क घरातल्या सुनेलाही आहे.

मंडळाच्या ॲडमिन ताईंना एक विनंती. पुढचा ग्रुप काढताना आधी प्रत्येकीला विचारा, "तुमचा नंबर घालू का?" आणि एखादी नाही म्हणाली, तर कारण विचारू नका.