नाकावर टिकेल तो गॉगल!

मराठी माणसाने गॉगल लावला की त्याला ठरलेले दोन प्रश्न येतात. 'काय, डोळे आलेत का?' आणि 'मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं?' दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर मग तिसरा येतो तो टोमणाच... 'काय शायनिंग!' २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली, तेव्हा तर गॉगलवाल्यापासून लोक चार हात लांब बसायचे. गॉगलचा उन्हाशी काही संबंध असतो, हे आपल्या गावीच नाही.

माझा मात्र संबंध थेट उन्हाशीच येतो. राहायला कोथरूड, ऑफिस खराडीत. पुण्याचा नकाशा जरा डोळ्यांसमोर आणा. सकाळी मी पूर्वेला निघते, सूर्य समोर. संध्याकाळी पश्चिमेला परतते, सूर्य पुन्हा समोर! (हिंजवडीवाल्यांचं नशीब बघा, दोन्ही वेळा ऊन पाठीवर.) त्यात स्कूटर, हेल्मेट, अस्सल पुणेरी स्कार्फ आणि डोळ्यांना साडेतीनचा मायनस नंबर. एवढ्या भानगडीत नाकावर टिकेल असा गॉगल शोधायचा, म्हणजे लग्नाला मुलगा शोधण्याइतकंच किचकट काम.

सगळ्यात आधी एक गैरसमज मोडीत काढू. काच जितकी काळी तितकं संरक्षण जास्त, असं अजिबात नाही. काळेपणा वेगळा आणि अतिनील किरण अडवणं वेगळं. नुसती काळी काच लावली की बाहुली अंधार समजून मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते आरामात आत जातात. म्हणून 'यूव्ही ४००' हा शब्द बघायचा. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात, असा त्याचा अर्थ. फूटपाथवरच्या दीडशे रुपयांच्या गॉगलवरही हे स्टिकर असतं, म्हणून स्टिकरवर फार भरवसा नको. बऱ्याच ऑप्टिशियनकडे यूव्ही मीटर असतो, दोन मिनिटांत तपासून मिळतं. आणि हो, हे संरक्षण महाग नसतं. दहा हजारांच्या गॉगलमध्ये बरेचसे पैसे काडीवरच्या नावाचे असतात.

काळेपणाचीही वर्गवारी असते. काडीच्या आतल्या बाजूला कधी कधी 'कॅट ३' असं बारीक छापलेलं दिसतं. ० ते ४ अशा पायऱ्या आहेत. रोजच्या उन्हाला ३ उत्तम, त्यातून ८ ते १८ टक्केच प्रकाश आत येतो. ४ नंबरचा गॉगल बर्फाच्या डोंगरांसाठी. तो लावून गाडी चालवायची नसते. रंग म्हणाल तर करडा किंवा तपकिरी घ्या. करड्या काचेतून सिग्नलचा लाल लालच दिसतो. गुलाबी-निळ्या काचा फोटोपुरत्या ठीक आहेत, खराडी बायपासच्या चौकात नकोत.

पण माझ्या मते खरी परीक्षा काचेची नाहीच, ती फ्रेमची. काडीवर ५२-१८-१४० असे तीन आकडे असतात. पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. तुमच्या आवडत्या चष्म्यावरचे आकडे मोबाइलमध्ये टिपून ठेवा, दुकानात निम्मं काम तिथेच होतं. मग गॉगल लावून आरशासमोर पोझ देण्याऐवजी खाली वाकून बुटाची लेस बांधा. घसरला? पूल रुंद आहे. आता खळखळून हसा. गालांनी फ्रेम वर उचलली? आकार मोठा आहे, प्रवासभर पापण्या काचेला घासतील. मग दहा मिनिटं दुकानातच फिरा. कानामागे टोचायला लागलं की काड्या वाकवून मागा. ॲसिटेटची फ्रेम गरम करून मस्त वाकवता येते. धातूच्या फ्रेमला नाकावरच्या गाद्या असतात, त्या आत-बाहेर करता येतात. आपल्याकडच्या घामाला हीच फ्रेम बरी.

हेल्मेटवाल्यांसाठी आणखी एक. जाड, रुंद काड्यांची फॅशन कितीही गोड दिसली तरी हेल्मेटमध्ये त्या कानशिलावर दाबतात आणि येरवड्यापर्यंत डोकं ठणकायला लागतं. काडी बारीक आणि सरळ हवी, म्हणजे हेल्मेट घातल्यावरही आत सरकते. दुकानात हेल्मेट घेऊनच जा. लोक बघतात, बघू दे. स्कार्फचंही तेच. नाकावरून घट्ट घेतला की श्वास वर जातो आणि काचांवर वाफ धरते. गॉगल आधी नाकावर बसवायचा, स्कार्फ मग त्याच्या खालच्या कडेला टेकवायचा.

पोलराइज्ड घ्यावा का? ओला रस्ता, पुढच्या कारचं बॉनेट, यांवरून परावर्तित होणारी चकाकी तो सॉलिड कापतो. पण पेट्रोल पंपावरचा आकडा किंवा मोबाइलचा स्क्रीन एखाद्या कोनात काळाठिक्कर दिसतो. मला चालतं, सगळ्यांना चालेलच असं नाही. खरा-खोटा ओळखायचा तर दोन पोलराइज्ड काचा एकमेकींवर धरा आणि एक काटकोनात फिरवा. पलीकडचं दिसेनासं झालं पाहिजे. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचांवर मात्र माझा राग आहे. त्यांना काळं व्हायला अतिनील किरण लागतात. ते कारची पुढची काच आणि हेल्मेटचा व्हायझर बऱ्यापैकी अडवतात. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी पठ्ठे पांढरेच! शिवाय कडक उन्हाळ्यात तापलेली काच कमीच गडद होते. मी सरळ नंबरचा गॉगल करून घेतला आणि साधा चष्मा पर्समध्ये ठेवला.

हे सगळं ज्ञान मला खराडीच्या रस्त्याने शिकवलं, असं म्हटलं तर ते अर्धंच खरं आहे. उरलेलं शिकले ते अप्पांमुळे.

अप्पा लाइनमन होते, सोलापूर जिल्ह्यात. पस्तीस वर्षं खांबावर चढले, म्हणजे पस्तीस वर्षं वर, उन्हाकडे बघत काम केलं. रिटायर झाल्यावर डोळे सतत लाल आणि चुरचुरायला लागले. डॉक्टरांनी दाखवलं, दोन्ही डोळ्यांत नाकाच्या बाजूने त्रिकोणी मांस बुबुळावर चढायला लागलं होतं. त्याला 'टेरिजियम' म्हणतात. ऊन, धूळ, कोरडा वारा यांत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना हे होतं. बाहुलीपर्यंत पोचलं तर नजर अंधुक होते. ऑपरेशनने काढता येतं, पण पुन्हा वाढू शकतं. "काका, ड्रॉप घालू, लक्ष ठेवू. पण उन्हात गॉगल पाहिजेच," डॉक्टर म्हणाले.

अप्पा दारातच थांबले. "मी काय शिनिमात हाय का?"

त्यात निव्वळ हट्ट नव्हता. त्यांच्या नोकरीच्या काळात गॉगल लावायचे ते साहेब आणि पुढारी. खांबावरच्या माणसाने लावला असता तर खाली उभ्या असलेल्या चौघांनी महिनाभर सोडलं नसतं. गंमत बघा, १९३७ साली रे-बॅनचा एव्हिएटर बाजारात आला तो मुळात वैमानिकांच्या डोळ्यांवरची तिरीप कमी करायला. म्हणजे ती कामाची वस्तू! आणि ज्याचं कामच आभाळाकडे बघायचं, त्या माणसाला तो शोभत नाही म्हणायचं.

आम्ही दुकानात गेलो. अप्पांनी बारा-पंधरा गॉगल लावले आणि लगेच काढले, आरशात न बघता. कडेने झाकणारा, वळवलेल्या काचांचा गॉगल त्यांना सगळ्यात योग्य होता, कारण बाजूने शिरणारं ऊनही त्रास देतं. तोच त्यांनी सगळ्यात आधी परत केला. शेवटी दुकानातल्या म्हाताऱ्या चष्मेवाल्या काकांनी अप्पांच्या डोळ्यांवरचाच चष्मा उतरवून घेतला. जुनी, तपकिरी, चौकोनी फ्रेम. म्हणाले, "हीच फ्रेम, हाच नंबर, खाली वाचायचा भागही तसाच. फक्त काच करडी. चालतंय?"

अप्पांनी जरा विचार केला. "म्हंजे चष्माच की."

"चष्माच."

बाजूच्या फटींचं काय, हे मी डॉक्टरांना विचारून घेतलं. त्यांनी रुंद कडेची टोपी सांगितली. टोपीला अप्पांची ना नव्हती.

आता ते रोज सकाळी शेताकडे जाताना तो लावतात. कुणी विचारलं तर सांगतात, "काळा चष्मा हाय, डाक्टरचा." गॉगल हा शब्द आमच्या घरात निषिद्ध आहे. देवळात शिरलं की अंधारात पायरी दिसत नाही, म्हणून त्यांनी चष्म्याला दोरी बांधून घेतली आहे, आणि त्या दोरीमुळे तो स्कूटरच्या तापलेल्या डिकीत पडून वाकायचीही भीती नाही. माझ्या मैत्रिणी गॉगल डोक्यावर खोचून फ्रेम सैल करतात, त्यांच्यापेक्षा अप्पांचं बरंय. मांस अजून तरी तिथेच आहे, पुढे सरकलेलं नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायला जातो.

गेल्या रविवारी आईचा फोन आला. "गच्चीवर भर दुपारी कुरडया मी घालते. मग माझ्याच डोळ्यांना काय ऊन लागत न्हाई व्हय?" तिचा चेहरा लहान, नाक बारीक. ४८-१६ ची फ्रेम बसेल बहुतेक. येत्या शनिवारी नंबर काढायला नेते.