ताळा

अलिबागच्या आमच्या पेढीवर रोजमेळ जुळला की बापूजी निमूटपणे पान उलटीत. 'शाबास' हा शब्द त्यांच्या व्यवहारात नव्हता. बाबूराव अर्णाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांपैकी हाती लागतील तेवढ्या मी गोण्यांच्या आडोशाला बसून वाचल्या. (अहिंसाव्रती घरात खुनाच्या कथा!) पुढे बँकेत नोकरी करीत असताना अगाथा ख्रिस्तींची मिस मार्पल भेटली. 1930 साली कादंबरीत अवतरलेली, विणकाम करीत बसणारी ही खेड्यातील वृद्धा मला झुंजारपेक्षाही जवळची वाटली. तिथे रक्तपात बहुधा पडद्याआड असतो. गावातील कुजबुजीतून उकल होते आणि अखेरीस, तिला सामान्य समजणाऱ्यांनाही तिची बुद्धी मान्य करावी लागते. त्या शेवटच्या पानासाठीच मी वाचीत आलो. बँकेच्या खतावणीतील फरक शोधून काढला, तरी माझे कान पेढीकडेच लागलेले असत.

बापूजी गेल्यानंतर एकदा रेवसच्या लाँचमध्ये पोयनाडचे एक वयोवृद्ध व्यापारी मला म्हणाले, "तुमचे बापूजी नेहमी सांगत, धाकट्याचा ताळा कधी चुकत नाही."

हे खरोखर बापूजींचे शब्द, की त्या सद्गृहस्थांचे सौजन्य? मिस मार्पल पोयनाडला जाऊन चौकशी करून आली असती. मी गेलो नाही.