शिकायला गेली, हिंडूनही आली!

मुलगी परदेशी शिकायला गेली हे चारचौघींत सांगताना आपला आवाज जरा चढतो. पण तीच मुलगी सुट्टीत मैत्रिणींबरोबर तीन देश हिंडायला निघाली म्हटलं, की तोच आवाज एकदम खाली येतो. असं का होतं, ह्याचा विचार मला आमच्याच घरात करावा लागला. म्हणून मैत्रिणींनो, ही हकीकत तुम्हांला सांगावीशी वाटली.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी जर्मनीत पुढचं शिक्षण घेते आहे. भाऊजींनी राहतं घर तारण ठेवून बँकेचं कर्ज काढलं, तेव्हा कुठे तिचं जाणं जमलं. पहिलं वर्ष संपलं अन् तिचा फोन आला, "आई, आम्ही चौघीजणी स्पेन, पोर्तुगाल अन् इटली बघून येणार. तीन आठवडे." ताईने तो फोन ठेवला आणि लगेच मला लावला. "कर्जाचा डोंगर डोक्यावर आहे, अन् हिला भटकंती सुचतेय! तुझं ऐकते ती. तूच समजाव."

मी समजावलं, पण ताईलाच! त्याला कारणही तसंच होतं. मी बी. ए. ला असताना आमच्या वर्गाची सहल अजिंठा-वेरूळला गेली होती. इतिहास हा माझा विषय. पैसेही मी शिकवण्या करून साठवले होते. पण वडील म्हणाले, "लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर जा." लग्नाला आता तेरा वर्षं झाली. शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते, मुलांना फळ्यावर लेण्यांची चित्रं काढून दाखवते. लेणी अजून पाहायची आहेत. यजमानांची ना नाही हो! पण कधी परीक्षा, कधी सासूबाईंचं दुखणं. राहून जातं ते असंच.

ताईचा पहिला आक्षेप पैशाचा. एका युरोचे शंभर रुपये धरून तिने हिशेब मांडला अन् डोक्याला हात लावला. पण पोरीने कर्जातल्या पैशाला हात लावलेला नव्हता. जर्मनीत परदेशी विद्यार्थ्यांना वर्षातून १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२४ पासून ही मर्यादा वाढवली आहे. शनिवार-रविवार पहाटे उठून ही एका बेकरीत उभी राहायची, त्यातून हे पैसे साठलेले. व्हिसाचाही खर्च नव्हता. जर्मनीत राहण्याचा परवाना असला, की शेंगेन करारातल्या इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत हिंडता येतं. शिवाय युरोपात राहणाऱ्यांसाठी 'इंटररेल' नावाचा रेल्वेचा पास १९७२ पासून मिळतो, अन् तरुणांना त्यात सवलत असते. स्पेनच्या वेगवान गाड्यांना मात्र पास असूनही जागेचं आरक्षण वेगळं करावं लागतं. हे सगळं तिने वहीत लिहून काढलं होतं. ताई म्हणाली, "एवढं व्यवस्थित तर मीही वाणसामानाचं मांडत नाही!"

दुसरा आक्षेप तिने स्पष्ट बोलून दाखवला नाही, पण मी ओळखला. लोक काय म्हणतील? त्यावर मी एवढंच म्हणाले, "लोक तिचं कर्ज फेडणार आहेत का गं?" भाऊजी पेपरामागून हसले. झालं, परवानगी मिळाली.

चौघीजणी म्हणजे आमची भाची, एक नागपूरची, एक केरळची आणि एक तुर्कस्तानची. रेल्वेने त्या बार्सिलोनाला पोचल्या. तिथलं सग्रादा फमिलिया हे चर्च १८८२ साली बांधायला घेतलेलं. त्याचा शिल्पकार गौदी १९२६ मध्ये ट्रामच्या धक्क्याने गेला. त्याच्यामागे इतरांनी ते काम चालूच ठेवलं. "मावशी, आत उभं राहिलं की दगडाच्या झाडांचं रान वाटतं," असं तिने कळवलं. सामानसुमान सांभाळून असायचं, कारण खिसेकापू तिथेही आहेतच. रात्रीचं जेवण तिथे नऊ-दहाला. आपल्याकडे एवढ्यात भांडी घासून ओटा पुसून होतो!

खरी परीक्षा ग्रानाडाला झाली. तिथे अलहंब्रा हा मूर सुलतानांचा राजवाडा आहे. १४९२ साली शेवटच्या सुलतानाने तो स्पेनच्या राजाराणीच्या स्वाधीन केला. त्याचं तिकीट नावानिशी मिळतं आणि आतल्या महालांना ठरलेली वेळ असते. ती चुकली की गेली. दोन महिने आधी ह्यांनी तिकिटं काढलेली. अन् आदल्या रात्री तुर्कस्तानच्या मुलीला सणकून ताप भरला. सकाळी ती म्हणत होती, "तुम्ही तिघी जा." आमची भाची म्हणाली, "दोघी जातील, मी थांबते." तिला घेऊन ती सरकारी दवाखान्यात गेली. जर्मनीच्या सरकारी विम्याच्या कार्डामागे युरोपचं आरोग्यकार्ड छापलेलं असतं, ते दाखवल्यावर तिला तपासून औषध लिहून दिलं. मग वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात हिने मऊ भात टाकला. ताईने निघताना दिलेली मेतकुटाची पुडी बॅगेत होतीच. तूपमेतकूट-भाताऐवजी ऑलिव्हच्या तेलाचा मेतकूट-भात! पण दोन दिवसांत ती पोरगी पहिला घास पोटभर जेवली तो त्याचाच.

हे ताईला आठवड्याने कळलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "राजवाडा नाही बघितला तिने. पण बरं केलं." आणि त्यानंतर तिचा कुरकुरीचा सूर कायमचा गेला.

लिस्बनचा फोन मात्र खास माझ्यासाठी आला. "मावशी, इथे चावीला जवळजवळ चावीच म्हणतात गं!" अहो, म्हणणारच! चावी, पाव, बटाटा, कोबी, अननस, काजू, लिलाव, घमेलं हे शब्द पोर्तुगीजांच्याच मार्गाने आपल्या घरात आले. रोज तोंडात असतात, पण कुठले ते कोण विचारतो? तिथल्या जेरोनिमसच्या मठात वास्को-द-गामाची कबर आहे. १४९८ साली तो कालिकतला आला हे मी दर वर्षी शिकवते. १५२४ मध्ये तो कोचीनला वारला, तिथेच पुरला गेला, अन् १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. केरळची मुलगी त्या कबरीपाशी उभी राहून म्हणाली, "हा आधी आमच्याकडेच होता." १५१० ते १९६१ एवढा काळ गोव्यावर ज्यांचं राज्य होतं, त्यांच्या गावात आपल्या मुली बेकरीच्या कमाईवर फिरत होत्या. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीही सरसावून बसल्या.

इटलीत त्यांनी काटकसर केली. कॉफी उभ्यानेच प्यायची, कारण बसून प्यायली की बहुतेक ठिकाणी जास्त पैसे पडतात. रोममध्ये रस्तोरस्ती वाहते नळ आहेत, त्यांचं पाणी पिण्याजोगं. त्यामुळे बाटली विकत घ्यायची गरजच पडली नाही. शाकाहारी मुलीला 'मारिनारा' पिझ्झा चालतो, त्यात चीजसुद्धा नसतं.

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असा फोन येईल. "नाही" हा शब्द ओठांवर आला तरी जरा थांबा अन् चार प्रश्न विचारा. पैसे कुठले? बरोबर कोण? पासपोर्ट आणि रोख वेगवेगळ्या जागी ठेवणार ना? विम्याचं कार्ड घेतलंस का? युरोपीय संघात कुठेही संकटात ११२ हा क्रमांक लावायचा, तोही पाठ करून घ्या. उत्तरं नीट आली, तर खुशाल जाऊ द्या. आणि हो, मेतकुटाची पुडी आठवणीने द्या.