दोन फेब्रुवारीचा उरूस

मनमाडहून निघालेली गाडी जालना, परतूर मागे टाकून सेलूत शिरते तेव्हा खिडकीबाहेरच्या काळ्या रानात हंगामाची आवराआवर चाललेली असते. कापसाच्या वेचण्या उरकत आलेल्या, तुरीची रास झालेली, हुरड्याचे दिवस सरून शाळूचा दाणा कडक होऊ लागलेला. निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातला हा लोहमार्ग पडला आणि सेलू, मानवत, परभणी इथला कापूस मुंबईच्या वाटेला लागला. फेब्रुवारीत याच गाड्या परभणीतल्या हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसासाठी भरून येतात. स्टेशनाबाहेर पडल्यावर पत्ता विचारावा लागत नाही; गर्दी आपोआप दर्ग्याकडे नेते. चादरी, फुलं, कव्वाली, आकाशपाळणे आणि त्यांतून वाट काढणारी, डोक्याला रुमाल बांधलेली खेड्यापाड्यांतली माणसं. त्यांत कोण कुठल्या धर्माचा, हे सांगणं अवघड.

एवढी माणसं येतात कशी? पीराची ख्याती हे सरळ उत्तर आहे, पण पुरेसं नाही. ख्यातकीर्त दर्गे मराठवाड्यात आणखीही आहेत. मला महत्त्वाची वाटते ती तारीख. उरूस म्हणजे पुण्यतिथी, आणि ती सहसा हिजरी पंचांगाने पाळली जाते: अजमेरचा उरूस रजब महिन्याच्या आरंभी असतो, खुलताबादचाही हिजरी तिथीनेच. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, म्हणून असा उरूस दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. कधी पेरणीच्या घाईत, कधी भर पावसात. परभणीचा मात्र दरवर्षी २ फेब्रुवारीला सुरू होतो आणि पंधरवडाभर चालतो. कापूस-तूर मोंढ्यावर गेलेली, हातात चार पैसे आलेले, रब्बीची काढणी अजून दूर: शेतकऱ्याला घर सोडायला याहून बरे दिवस वर्षात थोडेच.

यावर कुणी म्हणेल, इंग्रजी तारखेचा उरूस म्हणजे धर्म बाजूला सारून भरवलेली जत्राच. पण ज्या राज्यात परभणी होती, त्या हैदराबाद संस्थानाचा कारभारच फसली सनाने चाले. अझूर, दय, बहमन अशा महिन्यांचं ते सौर वर्ष होतं. कारण चांद्र वर्षाने सारा मागितला तर कधी तरी पीक उभं असतानाच हप्ता दारात येणार. इजिप्तमधल्या तांता गावी सय्यद अहमद अल-बदावी यांचा मोठा उत्सव ऑक्टोबरात, कापूस निघाल्यावर भरतो. बहराइचला गाझी मियाँची जत्रा जेठात. शेतकरी मुलखात संताचा दिवस पिकाकडे बघून ठरणं ही परभणीचीच तऱ्हा नव्हे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांनी इथे तेवढा मान इतरांना द्यावा.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. कापूस आता पहिल्यासारखा राहिलाय कुठे? शिवारं सोयाबीनने व्यापली आणि सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येऊन जातो. खरं आहे, तारखेमागचा शेतीचा आधार सैल झालाय. पण ठरलेल्या तारखेवर दुसरंच जग उभं राहतं. पाळणेवाले, खेळणीवाले, मिठाईवाले यांना पुढच्या वर्षीही २ फेब्रुवारीच आहे हे आजच ठाऊक असतं. त्यांना चंद्राची वाट पाहावी लागत नाही. लेकी माहेरी यायचा बेतही तसाच आखता येतो. कारण बदललं तरी सोय उरली.

म्हणून या गर्दीला ऐक्याचं प्रमाणपत्र समजण्याचा मोह मात्र आवरावा. एकत्र पाळण्यात बसलेली माणसं एरवी एकमेकांशी कशी वागतात, हे उरूस सांगत नाही. शिवाय तारीख सगळ्यांच्या सोयीची नाहीच. गंगाखेडसारख्या तालुक्यांतून ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडं फेब्रुवारीत कारखान्यांच्या पट्ट्यात असतात. साखरेचा हंगाम संपवून ती गावी परततात तेव्हा दर्ग्यासमोरचे पाळणे उतरवून बरेच दिवस झालेले असतात.