चौदा दिवस समुद्राचे, चौदा दिवस घरचे

मैत्रिणींनो, तुमच्या मागल्या पडवीत धुणं वाळत असेल. आमच्या सोनईच्या घरी महिन्यातून एकदा तिथं साठ मीटर लांबीचा दोर वाळत असतो. त्याला नुसत्या गार पाण्यात बुचकळायचं, ब्लीच दाखवायचं नाही, पिळायचं नाही, उन्हात तर मुळीच टाकायचं नाही. सासूबाई म्हणतात, "माझ्या पैठणीचे कुणी एवढे लाड केले नाहीत!"

हा दोर आमच्या ह्यांचा. हे मुंबई हायवर नोकरीला आहेत. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात हे तेलक्षेत्र आहे. 'सागर सम्राट' या रिगने १९७४ साली तिथं तेल शोधलं आणि १९७६ पासून ते निघू लागलं. जुहूहून हेलिकॉप्टरने जायचं, चौदा दिवस रोज बारा तास काम करायचं आणि मग चौदा दिवस घरी. आमच्या गावाला साखर कारखान्याचा हंगाम समजतो, पण निम्मा महिना घरी बसणारा नवरा समजत नाही. "काम सुटलं का हो ह्यांचं?" असं मला अजून कुणीतरी विचारतंच.

आणि घरी तरी कुठे बसतात म्हणा! ऑक्टोबर उजाडला, कातळ सुकला, की ह्यांची पिशवी निघालीच. कधी हरिश्चंद्रगड, कधी रतनगड. प्रस्तरारोहण म्हणतात त्याला. मी आपली कडे चढणं म्हणते.

लोक विचारतात, भीती नाही वाटत? वाटते ना. २००५ साली २६ जुलैला मुंबई पाण्यात बुडाली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई हायच्या एका प्लॅटफॉर्मला आग लागली. बावीस माणसं गेली. ह्यांची तेव्हा घरी असायची पाळी होती, तरी सासूबाई आजही ती तारीख विसरत नाहीत. पण भीतीशी माणूस जुळवून घेतं. हे दोन्हीकडे सावध असतात. गाठ दोनदा तपासायची, दुसऱ्याकडूनही तपासून घ्यायची. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर अंगाला अत्तरसुद्धा लावत नाहीत.

माझं भांडण होतं ते दिवसांशी. तुम्हीच हिशेब करा. आल्यावर पहिले दोन दिवस झोप, कारण रात्रपाळी अंगात मुरलेली. शेवटचा दिवस मुंबईच्या प्रवासाचा. उरले अकरा. त्यातले चार-पाच कड्याला, बाकी बँक, शेत, मुलांची शाळा. माझ्या वाट्याला काय?

तीन वर्षांपूर्वी हवा बिघडली, हेलिकॉप्टर उडेना. हे सोळाव्या दिवशी घरी आले. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नगरला ठरलेलं, आणि हे पिशवीत कॅराबिनर मोजत बसलेले! माझा तोल गेला. म्हटलं, "अहो, तुम्ही या घरात राहता की पाहुणे येता?"

ते काही बोलले नाहीत. पिशवी माळ्यावर टाकली. आईचं ऑपरेशन केलं, डोळ्यांत थेंबसुद्धा वेळच्या वेळी घातले. पुढच्या दोन खेपांनाही पिशवी खाली आली नाही. मी जिंकले होते, नाही का? पण हे गच्चीवर येरझारा घालायचे, मुलांवर उगाच खेकसायचे. तिकडे चौदा दिवस पायाखाली लोखंडी जाळी आणि चहूकडे पाणी. चालायला लागलं की लगेच कठडा येतो. इकडे गच्चीलाही कठडाच. एके रात्री भांडी घासताना हे माझ्या लक्षात आलं. खरं सांगते, मला माझ्या जिंकण्याचा राग आला.

सकाळी मीच स्टुलावर चढून पिशवी काढली. पण फुकट नाही हं! स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आता तीन रंग असतात. लाल समुद्राचे, हिरवे कड्याचे आणि निळे तीन दिवस माझे. निळ्या दिवशी हे भाकऱ्या थापतात (जाड होतात, पण मुलं खातात) आणि मी पैठणला माहेरी जाते. दवाखाना, शाळेची सभा असल्या गोष्टी हिरव्या रंगाच्या आधी लिहायच्या. पावसाळ्यात कातळ ओला, तेव्हा हिरवा रंग नाहीच. ते चार महिने मी घरातली सगळी मोठी कामं काढते.

गेल्या हिवाळ्यात मीही बरोबर गेले. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईजवळ एक लहानसा कातळ होता, आपल्या दुमजली घराएवढा. ह्यांनी मला हार्नेस बांधला आणि दोर माझ्या हाती दिला. माझ्या मागे एक अनुभवी मुलगा दोराचं टोक धरून उभा होता. म्हणाले, "हा दोर नायलॉनचा. नायलॉन कशापासून होतं माहीत आहे? आम्ही काढतो त्या तेलापासून!" आणि चढू लागले.

सोळा वर्षांच्या संसारात ह्यांचं वजन असं हाताला कधी लागलं नव्हतं. मी डोळ्यांची पापणी हलवली नाही. अर्ध्यावर हे थांबले, वरून हाक आली, "अगं, जरा ढील दे! हलता येईना मला!"

खालची पोरं हसायला लागली. मी वीतभर दोर सोडला. पुन्हा हाक आली, "अजून!"