पावसाचं गाव नि आमची विहीर

मैत्रिणींनो, पावसाळ्यात तुमच्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं का हो? थोडंफार सुटत असेल. आमच्या रत्नागिरीत मात्र जुलै उजाडला की मीठ चमच्याने वाढायचं नसतं, ओतायचं असतं! काडेपेटीची काडी ओढावी तर गुल निघून येतो, पण पेटत म्हणून नाही. पापड चामड्यासारखे लवतात आणि खुद्द चामड्याची चप्पल चार दिवस कोपऱ्यात राहिली, की तिला पांढरी लव फुटते. दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत घालून तिसऱ्या दिवशी जास्तच ओले लागतात.

माझं माहेर सोलापूरचं. तिथे उन्हाला काही कमी नाही. कुरडया सकाळी घातल्या की दुपारपर्यंत खणखणीत. पावसाचं म्हणाल, तर सोलापुरात वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस इथे एकट्या जुलैत पडतो. १९९३ च्या मे महिन्यात लग्न होऊन मी इथे आले आणि महिन्याभरात मृग लागला. कौलांवर पहिला पाऊस पडला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी वरून खडीचा ट्रकच ओततंय. सासूबाई मात्र शांतपणे पडवीत बसून झापं बांधलेली नीट आहेत ना, ते बघत होत्या. झापं म्हणजे विणलेली नारळाची झावळी. पडवीत पावसाची झड येऊ नये म्हणून ती पुढून बांधतात.

सासूबाईंची शिकवायची रीत वेगळीच. त्या सांगत नसत, नुसतं करत. मी बघायचं. मिठाच्या बरणीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, काडेपेटी तांदळाच्या डब्यात, साखरेत चार लवंगा म्हणजे मुंग्या लांब राहतात. कपड्यांच्या कपाटात कापूर. आता तुम्ही म्हणाल, हे आम्हालाही ठाऊक आहे. असेलच. पण ठाऊक असणं वेगळं आणि चार महिने त्यावर घर चालवणं वेगळं, हो की नाही?

या सगळ्याची तयारी मे महिन्यातच सुरू होते. तिला इथे आगोट म्हणतात. पूर्वी मुंबईहून येणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद व्हायच्या, कच्चे रस्ते वाहून जायचे. मग चार महिने जे घरात असेल तेच ताटात. त्यामुळे तांदूळ, कुळीथ, चिंच, मीठ, कांद्याच्या माळा, सुकी लाकडं, सुकट, सोडे, सुके बांगडे, सगळं मृगाच्या आत भरून ठेवायचं. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि मुंबई एका रात्रीवर आली. आता कोपऱ्यावरच्या दुकानात ऐन श्रावणात काय हवं ते मिळतं. तरी आमची आगोट काही सुटलेली नाही. आणि तिची गरज अजिबात उरली नाही असंही नाही बरं! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते, कारण तो माशांचा अंडी घालायचा काळ. ताजी मासळी दुर्मीळ आणि महाग होते. तेव्हा डब्यातली सुकटच जेवणाला चव आणते.

आगोटीतलं माझं आवडतं काम आमसुलांचं. रातांबे फोडायचे, गर आणि बिया वेगळ्या करायच्या. सालं त्यांच्याच रसात मीठ घालून बुडवायची, उन्हात टाकायची, संध्याकाळी पुन्हा रसात बुडवायची. असं पाच-सहा दिवस केलं, की काळीभोर, लुसलुशीत आमसुलं तयार होतात. बियाही फेकायच्या नाहीत. त्यांचं कोकमतेल निघतं. तेल म्हणायचं, पण असतो घट्ट पांढरा गोळा. थंडीत टाचांच्या भेगांवर त्यासारखं औषध नाही.

गावाबद्दल सांगायचं तर लोकांना रत्नागिरी म्हटलं की हापूसच आठवतो. इथल्या आणि शेजारच्या किनारी जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मला विचाराल, तर हे गाव बघावं ते पावसाळा सरता सरता. गावाबाहेरचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, उन्हाळ्यात तव्यासारखा तापलेला असतो. भाद्रपदात त्याच कातळावर बोटभर उंचीची निळी-जांभळी फुलं पसरतात. त्यांना सीतेची आसवं म्हणतात. याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कुणी दगडात हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. उक्षीला, कशेळीला ती बघायला मिळतात. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आम्ही गुरं घेऊन त्यावरूनच तर जायचो!"

आणि थिबा राजा! ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. त्याच्यासाठी टेकडीवर मोठा राजवाडा बांधला, तो १९१० मध्ये पुरा झाला. १९१६ साली राजा इथेच वारला. तीस वर्षं तो हाच समुद्र बघत होता. त्याला पहाऱ्यात आणलं आणि मला वाजतगाजत, एवढाच काय तो फरक, असं मी ह्यांना चेष्टेने म्हणते. पण अलीकडे त्या चेष्टेतलं हसू थोडं कमी झालंय. तीस वर्षं एका गावात राहिलं म्हणजे ते गाव आपलं होतं का? कुठल्या कागदावर?

हा प्रश्न कुठून आला, तेही सांगते. त्यासाठी आमच्या विहिरीपाशी यावं लागेल.

तुम्हाला नवल वाटेल, पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या गावात एप्रिल-मे महिन्यात पाण्याची ओढ लागते. कारण पायाखालचा दगड. इथला जांभा भोकाभोकांचा. पाणी वरून पडलं की झिरपत खाली जातं, खालच्या चिकट थरावर पोहोचलं की उताराने झऱ्यांवाटे बाहेर पडतं आणि शेवटी समुद्राला मिळतं. जमिनीत ते थांबतच नाही. म्हणून जिच्या अंगणातली विहीर मे महिन्यातही तळ दाखवत नाही, ती बाई इथे भाग्याची. आमची तशी आहे. चिऱ्यांनी बांधलेली, आत कडेला नेचे उगवलेले. सासूबाई चिऱ्यांचे थर मोजतात. अकरावा थर उघडा पडला की माडांना पाणी द्यायचं थांबवायचं, पंधरावा दिसला की कपडे एक दिवसाआड धुवायचे. घरात नळ आला, विहिरीवर पंप बसला, तरी त्यांची मोजणी चालूच आहे. ज्या वर्षी नळाला दोन दिवसांनी पाणी येतं, त्या वर्षी पाखाडीवरच्या चार घरांतल्या बायका कळशा घेऊन आमच्याकडे येतात. रहाटाच्या आवाजात त्यांचं जे काय बोलणं चालतं, त्यावरूनच मी इथली भाषा शिकले, भांडणंही शिकले!

तर झालं असं. तीन वर्षांपूर्वी एका बिल्डरने आमच्या जागेची चौकशी केली. जुनं घर पाडून तिथे चार मजली इमारत, आम्हाला तीन फ्लॅट आणि वर रोख रक्कम. नकाशात विहिरीच्या जागी गाड्या उभ्या करायची सोय होती. विहीर बुजवायची.

मी काही जुन्याला कवटाळून बसणारी बाई नाही हं. कौलारू घराचं कौतुक जे करतात त्यांना दरवर्षी घर शाकारून घ्यावं लागत नाही. माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. माकडं एका उडीत दहा कौलं फोडतात. न्हाणीघर मागीलदारी. ऐंशी उलटलेल्या सासूबाईंनी भर पावसात रात्री मागीलदारी जायचं म्हणजे माझा जीव टांगणीला. ह्यांचे गुडघे कुरकुरतात, मुलं पुण्याला. जिन्याला लिफ्ट, घरातच सगळी सोय, हे मला नको असेल का? भावोजी मुंबईला दोन खोल्यांत राहतात. त्यांना पैशाची नड आहे, आणि तीही खरी आहे.

मला खुपत होतं ते वेगळंच. सासरे गेल्यावर घरावर चार नावं लागली. सासूबाई, दोन मुलगे आणि वन्सं. ते बरोबरच आहे, वारसाचा कायदाच तसा आहे. सुनेचं नाव त्यात येत नाही. पण तीन वर्षं फोनवर बोलणं चाललं होतं ते भावाभावांत. या घरातलं कुठलं कौल गळतं, विहिरीचा कुठला चिरा सुटलाय, सासूबाई रात्री किती वेळा उठतात, हे जिला माहीत, तिला कुणी काही विचारत नव्हतं. मुद्दाम नव्हे हो. विचारायचं असतं हे कुणाला सुचलंच नव्हतं. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी असंच चालतं?

२०२४ च्या गणपतीत सगळे एकत्र जमले. गौरी जेवून झाल्या त्या संध्याकाळी माजघरात कागद निघाले. मी आणि जाऊबाई आत भांडी आवरत होतो. बाहेरून आवाज येत होता, "सह्या आत्ताच करून टाकू, पुन्हा सगळे कधी जमणार?" मी हात पुसले आणि बाहेर जाऊन वन्संच्या शेजारी बसले. म्हटलं, "माझे तीन प्रश्न आहेत. इमारत पुरी होईपर्यंत आईंनी राहायचं कुठे आणि त्याचं भाडं कोण देणार, हे कागदात कुठे लिहिलंय? आईंचा फ्लॅट तळमजल्यावर आहे का? आणि विहीर बुजवल्यावर मे महिन्यात इतक्या बिऱ्हाडांना पाणी कुठून?"

क्षणभर कुणी बोललंच नाही. भावोजींनी कागद उलटसुलट केले. भाड्याचं त्यात काहीच नव्हतं. तळमजला तर नुसता गाड्यांसाठी होता. हे म्हणाले, "अगं, ते सगळं नंतर बघू." तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या, "नंतर कशाला? मी सही करीन, पण आधी ही वाचील. वाच गो बाय तू. तू हो म्हणालीस की मग माझी सही."

एकतीस वर्षांत त्यांनी मला तोंडावर शाबासकी दिल्याचं आठवत नाही. तेव्हाही दिली नाही. नुसतं वाचायला सांगितलं.

त्या रात्री सह्या झाल्या नाहीत. भावोजी जरा घुश्शातच परत गेले, ते मी लपवत नाही. दिवाळीत जाऊबाईंचा फोन आला, "बरं झालं विचारलंत, आमच्याकडेही कुणी धड वाचलं नव्हतं." मग आम्ही दोघींनी वन्संना घेऊन वकिलांकडून कागद समजून घेतले. आता नवा नकाशा आलाय. विहीर तशीच ठेवून इमारत थोडी मागे सरकली आहे, गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून विहिरीत सोडायची सोय आहे, तळमजल्यावर एक घर आहे आणि बांधकामाच्या काळातल्या भाड्याचं कलम आहे. रोख रक्कम त्यापायी कमी झाली. भावोजींना ती कमी वाटते, आणि त्यावर अजून बोलणं चालू आहे. घर पडेल की राहील, हे मी आज सांगू शकत नाही. पडलं तर मला रडू येईल, आणि लिफ्टमध्ये बसले की बरंही वाटेल. दोन्ही खरं.

एवढं मात्र सांगते. घरातले कागद कपाटाच्या वरच्या खणात असतात नि ते पुरुषांचं काम, असं समजून बसू नका. तुमचं नाव त्यावर नसेल, तरी वाचायला कुणाची मनाई नाही. एखाद्या दुपारी, भांडी आवरली की, चष्मा लावून बसा. घरपट्टीची पावती कुणाच्या नावाची आहे, मालमत्तेच्या पत्रकावर कितीजण आहेत, विम्याच्या कागदावर कुणाचं नाव लावलंय, एवढं तरी बघून ठेवा. न कळलेलं वहीत टिपा आणि विचारा. चढ्या आवाजाची गरज नसते. आपल्याला घर आतून माहीत असतं, त्यामुळे आपले प्रश्न नेमके असतात.

यंदाची आमसुलं चांगली झाली आहेत. सासूबाई रोज सकाळी काठी टेकत विहिरीवर जातात, वाकून थर मोजतात आणि मला आकडा सांगतात. मी तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. पुढे ही मोजणी मलाच करायची आहे.