त्रास नावाचा भाव

काव्यशास्त्राच्या तासाला भयानक रस शिकवताना एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो: भय आणि त्रास यांत फरक काय? भरताने नाट्यशास्त्रात भयाला स्थायी भाव मानले आणि त्रासाला तेहेतीस व्यभिचारी भावांत बसवले. वीज कोसळणे, उल्कापात, मेघगर्जना ही त्याने सांगितलेली त्रासाची कारणे. म्हणजे जे बहुधा आकाशातून येते, अकस्मात येते आणि अंगाचा थरकाप करून निघून जाते, ते. मराठीत उतरता उतरता हा शब्द फारच घरगुती झाला. गुडघ्यांचा त्रास, डासांचा त्रास, शेजाऱ्यांचा त्रास. दचकणे गेले, कटकट उरली. अर्थांतराचे सोयीचे उदाहरण म्हणून मी तो अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आले. या अर्थांतरामागे जगण्याची काही रीत असेल, हे मला जाणवले ते अश्दोदच्या मावशीमुळे.

मावशी म्हणजे आईची अलिबागची बालमैत्रीण. इस्रायल आळीत वाढलेली, बेने इस्रायली. तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या या समाजाला कोकणाने ‘शनिवार तेली’ हे नाव दिले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. लग्नानंतर ती इस्रायलला गेली आणि अश्दोद या बंदराच्या गावी स्थिरावली. तिकडून निघालेल्या ‘मायबोली’ या मराठी नियतकालिकाचे काही अंक तिनेच मला पाठवले. तिची मराठी मात्र अजून अलिबागच्या बाजारातली आहे. 2008च्या डिसेंबरात गाझातून सुटणारी रॉकेटे अश्दोदपर्यंत पोहोचू लागली, तेव्हा मी घाबरून फोन केला. ती म्हणाली, “अगं, जरा त्रास आहे. भोंगा झाला की जिन्यात जाऊन बसावं लागतं. चालायचंच.”

तिच्या त्या ‘जरा त्रास’मागचा तपशील पुढे हळूहळू कळत गेला. भोंगा वाजल्यापासून स्फोट होईपर्यंत अश्दोदकरांना साधारण 45 सेकंद मिळतात. 1991च्या आखाती युद्धात इराकची स्कड क्षेपणास्त्रे पडली. त्यानंतर नव्या प्रत्येक घरात जाड काँक्रीटच्या भिंतींची एक सुरक्षित खोली बांधणे तिथे सक्तीचे झाले. मावशीची इमारत त्याआधीची. म्हणून तिच्या वाट्याला जिना आला. मधल्या मजल्यावरचा, खिडकीपासून दूरचा. त्या जिन्यावर मोरोक्कोहून आलेले, रशियाहून आलेले आणि अलिबागहून आलेली मावशी असे सारे नाइटड्रेसमध्ये, ओल्या केसांनी, हातात झारा तसाच घेऊन बसतात. कोणाची भाजी करपली याची चौकशी होते. मग धमाका ऐकू येतो, थोडा वेळ थांबायचे, आणि घरी जाऊन पुन्हा गॅस पेटवायचा.

गाझाच्या कुंपणाला लागून असलेल्या स्देरोत या लहानशा गावाला तर 45 सेकंदही नाहीत. तिथे 15 आहेत. 2001पासून त्या गावावर कस्साम रॉकेटे पडत आली. बसथांबे काँक्रीटचे झाले. मुलांच्या बागेत रंगीबेरंगी सुरवंट आहे, तो आतून पोकळ आणि काँक्रीटचा आहे. भोंगा झाला की खेळणारी मुले त्याच्या पोटात शिरतात. गाडीत असाल तर गाडी थांबवा, उतरा, जमिनीवर पालथे पडा, डोक्यावर हात घ्या, हा नियम. आंघोळ किती वेळ करायची, गाणी किती मोठ्याने लावायची, दोन मुले असतील तर आधी कोणाला उचलायचे, हे सारे त्या 15 सेकंदांनी ठरवलेले. 2011मध्ये ‘आयर्न डोम’ ही यंत्रणा आली, बरीच रॉकेटे हवेतच फुटू लागली. पण भोंगा थांबला नाही, धावणे थांबले नाही. व्यभिचारी भाव घराच्या भिंतींत, रस्त्यावर, बागेत असा ओतला गेला, की त्याला आता व्यभिचारी तरी कसे म्हणावे?

मात्र इथेच थांबले तर माझे सांगणे अर्धवट राहील. कुंपणापलीकडे गाझात ना भोंगा, ना सार्वजनिक निवारे. 2007पासून नाकेबंदीत असलेल्या सुमारे 365 चौरस किलोमीटरच्या त्या पट्टीत वीस लाखांहून अधिक माणसे. इस्रायली विमानांच्या हल्ल्याआधी कधी फोन येई, कधी छतावर एक छोटा बाँब टाकून ‘बाहेर पडा’ अशी सूचना मिळे. पुष्कळदा तेही नाही. 15 सेकंद हा भयाचा मापदंड मानला, तर शून्य सेकंदांचे काय करायचे? 7 ऑक्टोबर 2023ला हमासचे बंदूकधारी स्देरोतच्या रस्त्यांवरच उतरले आणि आकाशाकडे पाहायला शिकलेल्या गावाला मरण जमिनीवरून भेटले. इस्रायलमध्ये त्या हल्ल्यात सुमारे 1,200 माणसे मारली गेली. पुढच्या दोन वर्षांत गाझात साठ हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद तिथल्या आरोग्य मंत्रालयाने केली. त्या दिवसांत मावशीने फोनवर ‘त्रास’ हा शब्द वापरला नाही. ती पुष्कळ वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तिकडे पण आयाच असतील गं.” मी काही बोलले नाही.

मला वाटते, आपल्या शब्दाने जो प्रवास शतकांत केला, तो ही माणसे एका आयुष्यात करतात. वीज कोसळल्यासारखे दचकणे रोज रोज परवडत नाही. म्हणून मन त्याची कटकट करून टाकते. यात धैर्य आहे, हे खरे. पण यात एक धोकाही आहे. आपले भय कटकटीएवढे लहान केले की दुसऱ्याचेही तेवढेच दिसू लागते. आणि आपण, जे दूर बसून वर्तमानपत्र वाचतो, त्यांना तर ते लहान करायला एक चहाचा कपही पुरतो.

स्देरोतचा एक तपशील मी हल्ली वर्गात आवर्जून सांगते. तिथल्या ध्वनिवर्धकावरून पूर्वी ‘शहर अदोम’ असा इशारा दिला जाई. हिब्रूत ‘शहर’ म्हणजे पहाट; तांबडी पहाट. शहर नावाच्या एका सात वर्षांच्या मुलीने तक्रार केली आणि 2007मध्ये इशारा बदलून ‘त्सेवा अदोम’, म्हणजे लाल रंग, असा झाला. आपल्याकडच्या एखाद्या उषेला किंवा अरुणेला दिवसातून दहादा आपल्या नावाने सारे गाव पळताना दिसावे, असे ते होते. हाच शब्द अरबीत ‘सहर’ होतो. उर्दू गझलांतून आणि रमजानच्या सहरीतून तो आपल्याही ओळखीचा आहे. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना पहाटेचे मूळ एकच. एका मुलीची पहाट तिला परत देता आली, कारण मोठ्यांपैकी कोणीतरी तिचे ऐकले. कुंपणापलीकडच्या सहर नावाच्या मुलीने तक्रार कोणाकडे करावी, असे गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले. तास संपल्याची घंटा झाली होती, पण कोणी उठले नाही.